मेलेल्या बैलाचा मान

माझं पोट कुलपं काढण्यावर चालतं. हे मी जनावरांच्या छावणीत सांगितलं तेव्हा चेअरमन म्हणाले, "म्हंजी चोरीच की बे." दावणीवरचे सगळे दात काढून हसले. मीही हसलो, कारण आईची गाय त्यांच्या छावणीत बांधलेली होती.

काम समजायला अवघड नाही. संगणकाच्या अगदी आत एक प्रोग्राम असतो, त्याला कर्नेल म्हणतात. बाकीच्या सगळ्या प्रोग्रामना जागा, वेळ, फाइल, नेटवर्क तोच वाटून देतो. हल्ली प्रोसेसरमध्ये अनेक कोअर असतात, म्हणजे एकाच वेळी अनेक हात राबतात. दोघांनी एकाच आकड्याला एकदम हात घातला की आकडा बिघडतो, म्हणून त्याला लॉक लावतात. मी इथं कुलूपच म्हणेन. ज्याच्याकडं कुलूप त्यानं काम करायचं, बाकीच्यांनी थांबायचं. थांबलेला कोअर कित्येकदा झोपतही नाही. सुटलं का, सुटलं का, असं विचारत जागच्या जागी फिरत राहतो. वीज जळते आणि काम काहीच होत नाही. ज्या कुलपांची गरज उरलेली नाही अशी कुलपं जुन्या कोडमध्ये शोधायची आणि काढून टाकायची, याचा मला पगार मिळतो.

त्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. या कुलपात लोखंड नसतं. मेमरीला झाकण नसतं, दार नसतं. एक खूण असते, आणि आधी ती खूण बघायची, मगच हात घालायचा, असं सगळ्या कोडनं कबूल केलेलं असतं. कुणी न बघता हात घातला तर त्याला अडवायला तिथं काहीही नाही. हे मी पुण्यात शिकलो होतो, पण डोक्यात शिरलं ते तेलगाव रोडच्या छावणीत.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या विहिरी तळाला गेल्या आणि गावच्या दूध संस्थेनं रस्त्यालगतच्या पडीक रानात जनावरांसाठी छावणी उघडली. चेअरमन संस्थेचे, म्हणून छावणीचेही. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई पुण्याला यायला तयार नव्हती, आणि त्याचं कारण चार पायांचं होतं. तिनं लग्नात माहेराहून एक तांबडी गाय आणली होती. तिच्या वेलातली बाकीची जनावरं आधीच्या दुष्काळांत एकतर विकली गेली, नाहीतर मेली. राहिली ही एक, आणि ती गाभण होती, दिवस भरत आले होते. "एवढं वासरू हाती लागू दी," आई म्हणायची, "मग तू म्हणशील तिथं येते." म्हणून मीच लॅपटॉप घेऊन छावणीत आलो. रस्त्याकडेला मोबाइलचा टॉवर होता, संस्थेच्या खोलीत चार्जिंगची सोय होती, आणि पाचटाच्या छपराखाली बसून मी कर्नेल वाचत होतो. शेजारच्या दावणीतल्या म्हशी माझ्या स्क्रीनकडं माझ्या साहेबापेक्षा जास्त लक्ष देऊन बघायच्या.

छावणीत जनावरांच्या चार ओळी, म्हणजे चार दावणी होत्या. प्रत्येक दावणीला सिमेंटचा एक हौद होता. टँकर सकाळी येऊन चारही हौद काठोकाठ भरून जायचा. मग कुणीही पाणी पाजायचं नाही. का, तर पोळ्याला जसा मानाचा बैल आधी वेशीतून जातो आणि मग बाकीचे, तसाच पाण्याचा पहिला मान चेअरमनच्या बैलाचा. छावणीच्या उद्घाटनाला त्यानं पहिल्यांदा तोंड लावलं होतं, नारळ फुटला होता, फोटो निघाला होता. दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं की आज पण चेअरमनदादांचाच बैल आधी पिऊ द्या. तिसऱ्या दिवशी तो रिवाज झाला.

बैल म्हातारा, दात पडलेला. चेअरमनची अंघोळ, चहा आणि पेपर झाला की त्यांचा सालगडी त्याला डुलत डुलत आणायचा. बैल पहिल्या हौदात तोंड घालायचा, मधेच आभाळाकडं बघायचा, पुन्हा दोन घोट घ्यायचा. तोवर सगळी छावणी भरलेल्या हौदांसमोर जिभा बाहेर काढून उभी. मला किळस यायची. बैलाची नाही, कासरे आखडून धरणाऱ्या माणसांची.

मग बैल मेला. चेअरमन खरोखर रडले, मी पाहिलंय. गुलाल उधळून बैल पुरला. मला वाटलं, चला, सुटलो. दुसऱ्या सकाळी सालगडी बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ घेऊन आला. चेअरमननी ती नारायणगडाच्या जत्रेतून आणलेली होती. त्यानं ती पहिल्या हौदात बुडवली, खळखळून हलवली, बाहेर काढली, आणि लोकांनी जनावरं सोडली. मला हसू आवरेना. आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला.

"मान बैलाचा नसतो, घराचा असतो," ती कुजबुजली. "गप ऱ्हा."

याच दिवसांत मी एका कुलपाशी अडून बसलो होतो. कर्नेलच्या एका कोपऱ्यात, जिथून प्रत्येक कोअरला सारखं जावं लागतं अशा जागी ते होतं. मशिनीवर काम वाढलं की सगळे कोअर तिथं दाटीवाटीनं उभे राहायचे. ते कशासाठी आहे हे टीममध्ये कुणालाच सांगता येत नव्हतं. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता. मी पुण्यातल्या आमच्या टीमच्या प्रमुखांना फोन केला.

"ते कशासाठी आहे, तुला माहीत आहे का?" त्यांनी विचारलं.

"मला वाटतं, कशासाठीच नाही."

"तुला कारण सापडलं नाही, म्हणजे कारण नाही, असं होत नाही. चालतंय ना? मग हात लावू नकोस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण माणूस अर्धं खरं बोलत होता. चुकीचं कुलूप काढलं तर मशिन लगेच मरत नाही. महिनोन्महिने ठीक चालते, आणि मग कुठल्या तरी गिऱ्हाइकाकडं एकदाच दगा देते, आणि पुन्हा करून दाखव म्हटलं की दाखवता येत नाही. म्हणून कुलूप काढण्याआधी त्या आकड्याला कोण कोण, कुठल्या कुठल्या वाटेनं हात लावतं, ती प्रत्येक वाट तपासावी लागते. मी छपराखाली बसून त्या वाटा तुडवल्या. शेवटी सापडलं. तिथं पूर्वी सगळ्या कोअरची मिळून एक सामाईक यादी होती. ती राखायला कुलूप लावलं होतं. पुढं कोणीतरी साफसफाई करताना यादी काढून टाकली आणि कुलूप तसंच ठेवलं. आत आता फक्त एक मोजणी उरली होती. ती तर प्रत्येक कोअरनं आपापली ठेवावी आणि कुणी विचारलं तर बेरीज करून सांगावी. कुणाचं कुणाला अडायचं कारणच नव्हतं.

हे सापडलं त्या संध्याकाळी मी चांगल्याच खुशीत होतो, आणि खुशीत माणूस मूर्खपणा करतो. मी संस्थेच्या खोलीत चेअरमनसमोर जाऊन बसलो.

"साहेब, हौद चार हायत. माळ एकाच हौदात बुडती. बाकीच्या तीन दावणीची जनावरं कशापायी उभी करायची?"

"मग काय चार माळा करू?"

"न्हाई. पहिल्या हौदाचा मान तुमचाच राहू द्या. बाकीचे तीन टँकर गेला की खुले करा. ज्याची दावण त्याचा हौद. कुणाचं कुणाला अडत न्हाई."

चेअरमननी बशीतल्या चहावर फुंकर मारली. चिडले नाहीत. त्यांच्यासारखी माणसं चिडत नाहीत, त्यांना मजा येते.

"आरं इंजिनीर," ते म्हणाले, "तीन दावणी तिकडं पाणी पिऊन मोकळ्या झाल्या, तर हितं माझ्या माळंकडं बघायला कोण ऱ्हाईल बे?"

एक कबूल करतो. हे कुलूप काय राखतं, हा प्रश्न मी नोकरीत असंख्य लोकांना विचारलाय. इतकं स्वच्छ उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. टँकर सकाळी हौद भरून गेला. लोक जनावरं घेऊन हौदाशी उभे राहिले. सालगडी आला तो रिकाम्या हातानं. चेअरमन पहाटेच जीपनं बीडला बैठकीला गेले होते, आणि माळेचं एक घुंगरू निखळलं होतं ते डागून आणायला माळ बरोबर घेऊन गेले होते. फोन लागत नव्हता.

"माळ न्हाई," सालगडी म्हणाला. "मी काय बुडवू?"

कोणीतरी म्हणालं, तुझा हात बुडव. म्हातारे भडकले. गड्याच्या हाताला कसला मान! कोणी म्हणालं, बैलाच्या फोटोला पाणी दाखवा. त्यावर खरोखर चर्चा झाली. माणसं शिकलेली होती, त्यातला एक जण शाळेत मास्तर होता. चर्चा होता होता ऊन डोक्यावर आलं.

आमच्या कामात एक नियम पहिल्या दिवशी शिकवतात. सगळे जागेवर फिरत ज्या कुलपाची वाट बघतायत, ते हातात घेऊन झोपायला जायचं नाही. गेलास, तर मशिन जिवंत दिसते आणि मेलेली असते. चेअरमन ते कुलूप जीपमध्ये टाकून बीडला गेले होते.

आईची गाय हौदाच्या काठाला मान टेकवून उभी होती. पाणी तिच्या तोंडापासून हाताच्या अंतरावर. हौदाच्या बाहेरच्या अंगाला ओल होती, ती चाटत होती. मी कासरा आईच्या हातातून ओढला.

"सोड आई. पिऊ दे तिला."

"न्हाई." तिनं दोन्ही हातांनी कासरा धरला. "तू दोन दिसांनी पुण्याला जाशील. मला ह्यांच्यात ऱ्हायचंय. उद्या चारा कोण दील? माझ्या दावणीला कोण उभं ऱ्हाईल?"

"काय करतील गं? मारतील?"

"मारायला कशाला पायजे," ती म्हणाली.

मी आजूबाजूला बघितलं. चेअरमन नव्हते, त्यांचा माणूस मान खाली घालून बिडी ओढत होता, हौदावर कुणाचाही पहारा नव्हता. आम्हाला अडवत होते ते रांगेतले लोक, ज्यांची स्वतःची जनावरं तहानेनं थरथरत होती. "मान मोडू नका," मास्तर मला म्हणाला, "सगळ्या छावणीला पाप लागंल." त्याची स्वतःची शेळी त्याच्या पायाशी बसली होती. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही, आईकडं बघून.

मी मोटारसायकल काढून तेलगावला गेलो. पाण्याचे जार मिळवायला तीन दुकानं पालथी घातली, कारण त्या उन्हात जारही लवकर संपतात. येईपर्यंत गाय खाली बसली होती. बसली नव्हती, पडली होती. शेजारच्या दावणीतली एक बाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं स्वतःच्या प्यायच्या हंड्यातलं पाणी गाईच्या तोंडात ओतलं होतं, आणि आईनं आमच्या हंड्यातलं. दोन्ही हंडे आडवे पडले होते. गाईच्या मागं वासरू पडलं होतं, पुरं वाढलेलं, तांबडं, केस ओले, डोळे मिटलेले. कालवड होती.

आई हौदाशी उभी होती. हौद काठोकाठ भरलेला. तिचे हात कोरडे होते.

मी तिच्यावर ओरडलो, हे मला आठवतं. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही.

जीप आली तेव्हा दिवस कलला होता. चेअरमन उतरले, त्यांनी गर्दी बघितली, वासरू बघितलं, चेहरा पाडला. आणि आधी जाऊन माळ हौदात बुडवली. खळखळ वाजवली. जनावरं एकमेकांना तुडवत पाण्यावर पडली. मग ते आमच्याकडं आले.

"वहिनी, लई वाईट झालं," ते म्हणाले.

मी म्हणालो की वासराचे आणि भरलेल्या हौदाचे फोटो काढलेत, ते उद्या तालुकाभर फिरतील. त्यांनी ऐकून घेतलं. धमकी नाही, शिवी नाही. नुसतं "बरं" म्हणून निघून गेले.

दुसऱ्या सकाळी त्यांनी सगळ्यांना हौदाशी बोलावलं. टोपी सारखी केली आणि भाषणच ठोकलं. या माउलीच्या गाईनं मान राखण्यासाठी आपलं वासरू दिलं, तेव्हा आजपासून पाण्याचा पहिला मान हिच्या गाईचा, माळ तिच्या गळ्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरचे डोळे पाणावले. मी आईकडं बघत होतो. मला वाटत होतं, आता ही माळ त्यांच्या तोंडावर फेकेल. अख्ख्या आयुष्यात मी आईकडून एवढीच एक गोष्ट मागितली असती.

आईनं पदर डोक्यावर घेतला, वाकली आणि दोन्ही हातांत माळ घेतली. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "फोटो पुसून टाक."

मी पुसले नाहीत, पण पाठवलेही नाहीत. ज्या बाईच्या गाईचा गावभर सत्कार झाला तिच्यावरच्या अन्यायाचे फोटो कुणाला दाखवायचे?

त्याच आठवड्यात पुण्यात माझं कुलूप निघालं. मी तपासलेल्या सगळ्या वाटा मांडून पाठवल्या होत्या. प्रमुखांनी आणखी चार जणांना वाचायला लावल्या, मोठ्या मशिनीवर दिवसरात्र चालवून बघितलं, आणि "चला, जाऊ दे" म्हणून कोड आत घेतला. आता तिथं कुणी थांबत नाही. सगळे कोअर आपापलं मोजतात आणि पुढं जातात. कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही, कुणी रुसत नाही. प्रोसेसरला अब्रू नसते. मला त्या कामाची शाबासकी मिळाली तेव्हा मी छपराखाली बसलो होतो आणि मला रडू येत होतं.

गाय हळूहळू उठून चालायला लागली. मी पुण्याला निघायच्या दिवशी सकाळी टँकर हौद भरून गेला आणि लोक नेहमीसारखे जनावरं घेऊन उभे राहिले. आई दावणीत गाईला अंघोळ घालत होती. पाण्यानं नाही, ओल्या फडक्यानं, हळूहळू, शिंगांच्या बुडापर्यंत. मग कुंकू लावलं. मग माळेतलं एकेक घुंगरू पदरानं पुसलं. मग चुलीवर चहा ठेवला. माझ्यासाठी असेल असं वाटलं, पण कप तिनं स्वतः घेतला आणि दगडावर बसून प्यायला लागली. बैठक अगदी चेअरमनसारखी.

पहिल्या हौदाशी ती बाई उभी होती, जिनं आपल्या प्यायच्या हंड्यातलं पाणी आमच्या गाईला पाजलं होतं. तिच्या हातात म्हशीचा कासरा होता. म्हैस गाभण होती, पोट खाली उतरलेलं, तोंडाला फेस.

"आई," मी म्हणालो, "तिच्या म्हशीला तरी पिऊ दे. दिवस भरलेत तिचे."

"थांबू दी."

"अगं, तिनं आपल्या गाईचं डोकं मांडीवर घेतलं होतं."

"म्हाईत हाय मला." आईनं घोट घेतला. "माझी पडली, तवा कोण म्हणलं का हिला पिऊ द्या? ती तरी म्हणली का? पाणी पाजलं, पर हौदाला हात लावला न्हाई तिनं. थांबू दी."

मी त्या बाईकडं गेलो. म्हणालो, मावशी, सोडा म्हशीला, आईला मी बघतो. ती माझ्याकडं न बघता आईकडं बघत राहिली. मागचे सगळेही आईकडंच बघत होते. एवढ्या माणसांनी एकाच वेळी आपल्याकडं बघावं, असं माझ्या आईच्या आयुष्यात आधी कधी झालं नव्हतं.

मी परत फिरलो आणि गाईच्या गळ्यातली माळ सोडायला हात घातला. आईनं कप खाली ठेवला आणि माझ्या हातावर फाडकन चापट मारली.

"हात लावू नको," ती म्हणाली. "आत्ता कुठं आपला नंबर आलाय."

हौदाशी म्हशीनं पाण्याकडं मान लांबवली. त्या बाईनं कासरा आणखी आखडला.